डार्विन, दवबिंदू आणि काहीच न करण्याचा प्रयोग

चार्ल्स डार्विन म्हटले की आपल्याला माकड, माणूस आणि शाळेच्या पुस्तकातला लांब पांढऱ्या दाढीचा म्हातारा आठवतो. १८५९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक आले आणि मोठे वादळ उठले, हेही आपण वाचलेले असते. पण पुढच्याच वर्षी, वाद ऐन भरात असताना, हा माणूस एका चिमुकल्या रोपाला अंडे, दूध आणि मांसाचे कण भरवत बसला होता, हे फारसे कुणी सांगत नाही. ते रोप म्हणजे दवबिंदू, शास्त्रीय नाव ड्रोसेरा. त्या दिवसांत चार्ल्स लायेल या भूगर्भशास्त्रज्ञ मित्राला त्याने कळवले होते की, जगातल्या साऱ्या जातींच्या उगमापेक्षा सध्या आपल्याला या रोपाचीच जास्त पर्वा आहे.

मी डॉक्टर आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. तरीही डार्विनच्या आयुष्यातले हे प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. औषधाने गुण आला असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणायचे असते, हा आमच्या धंद्यातला सर्वांत जुना प्रश्न या कीटकभक्षी रोपाच्या गोष्टीत दडलेला आहे. आणि डार्विन हा प्रश्न विचारत होता तो स्वतः रुग्ण म्हणून.

डॉक्टरांच्या घरातला मुलगा

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूसबरी गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे नामांकित डॉक्टर. आजोबा इरॅस्मस डार्विन हेही डॉक्टर आणि शिवाय कवी. वनस्पतींवरच्या आपल्या दीर्घकाव्याच्या टिपांमध्ये आजोबांनी दवबिंदूचाही उल्लेख केला होता. पानांच्या केसांवरचा चिकट थेंब बारीक किड्यांना दूर ठेवण्यासाठी असावा, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा होता, आणि ते दाखवून देण्याचे काम नातवाच्या वाट्याला आले.

चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई गेली. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला डॉक्टर होण्यासाठी एडिंबरोला पाठवले. तिथे त्याने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या. त्यातली एक लहान मुलावर होती. क्लोरोफॉर्म यायला अजून वीस वर्षे होती. शुद्धीत असलेल्या मुलावर सुरी चालताना बघणे त्याला सहन झाले नाही. शस्त्रक्रिया पुरी होण्याआधीच तो बाहेर पळाला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. १८२७ मध्ये त्याने वैद्यकीचे शिक्षण सोडले. पुढे केंब्रिजमध्ये तो पाद्री होण्यासाठी गेला, रमला मात्र भुंगेरे गोळा करण्यात आणि हेन्स्लो या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या सहवासात. डिसेंबर १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून तो निघाला आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये परतला. १८३९ मध्ये मामेबहीण एमाशी त्याचे लग्न झाले. १८४२ पासून मरेपर्यंत तो लंडनजवळच्या डाउन या खेड्यातल्या घरात राहिला.

पाच वर्षे जग फिरलेला हा माणूस उरलेली चाळीस वर्षे घराबाहेर फारसा का पडला नाही? कारण त्याची तब्येत.

चाळीस वर्षांचे दुखणे

डार्विनच्या तक्रारींची यादी कुठल्याही ओपीडीतल्या डॉक्टरला ओळखीची वाटेल. जेवणानंतर काही तासांनी पोटात वायू धरणे, मळमळ, दिवसेंदिवस चालणाऱ्या उलट्या, छातीत धडधड, अंगावर पुरळ, डोकेदुखी, थकवा. पाहुणे आले, जरा जास्त बोलणे झाले की रात्र उलट्यांत जायची. नेमका आजार कोणता, यावर आजही एकमत नाही. दक्षिण अमेरिकेत १८३५ मध्ये त्याला एक मोठा रक्तपिपासू ढेकूण चावला होता, त्यावरून चागास रोगाचा तर्क झाला. पण धडधडीची तक्रार प्रवासाला निघण्याच्या आधीपासून होती. कुणी दुधातली साखर न पचण्याचे कारण देते, कुणी वारंवार उलट्या होण्याचा विकार म्हणते, कुणी मनावरच्या ताणाकडे बोट दाखवते. दीडशे वर्षांनंतर न पाहिलेल्या रुग्णाचे निदान करू नये, हे उत्तम.

त्या काळची औषधे घेऊन तो थकला. १८४९ मध्ये सहकुटुंब मालव्हर्न या गावी डॉ. गली यांच्या जलोपचार केंद्रात गेला. पहाटे उठून थंड पाण्याने अंग खसाखसा घासून घ्यायचे, पोटावर दिवसभर ओली पट्टी बांधायची, पाय गार पाण्यात बुडवायचे, साखर, लोणी, मसाले आणि चहा बंद. सोबत होमिओपॅथीची औषधेही होती. ती त्याने विश्वास नसताना गुपचूप घेतली. आणि त्याला बरे वाटू लागले! उलट्या थांबल्या, तो मैलोन्‌मैल चालू लागला. घरी परतल्यावर त्याने बागेत गार पाण्याच्या धारेखाली उभे राहण्यासाठी एक खोपटेही उभारले. रोजच्या तब्येतीची नोंदवही ठेवली. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, हे सुमारे साडेपाच वर्षे लिहीत राहिला. त्या वहीतून दिसते ते एवढेच, की दुखणे कधी कमी झाले, कधी परत आले.

या अनुभवातून त्याला एक प्रश्न पडला. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांचे एक म्हणणे त्याच्या वाचनात आले होते. सप्टेंबर १८५० मध्ये फॉक्स या मित्राला लिहिताना त्याने ते उचलून धरले. मुद्दा असा: आजारात काहीच केले नाही तर काय होते, हे कुणालाच ठाऊक नसते. मग होमिओपॅथी असो की दुसरा कुठला उपचार, त्याचा गुण मोजायचा कशाच्या तुलनेत?

हा प्रश्न पडूनही पुढच्याच वर्षी त्याने आपल्या लाडक्या मुलीला, दहा वर्षांच्या ॲनीला, मालव्हर्नलाच नेले. तापाने आणि उलट्यांनी ती खंगत गेली. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे तिला घरीच राहावे लागले. शेवटचे दिवस डार्विन मुलीच्या उशाशी होता. २३ एप्रिल १८५१ रोजी ॲनी गेली. आजारी मुलाच्या आईबापांना आपण तर्काच्या तराजूत तोलू नये. उपचाराचा पुरावा किती, हे विचारण्याचे बळ त्या घडीला कुणातच नसते. म्हणून तर तो प्रश्न कुणीतरी आधी, शांतपणे विचारून ठेवायला हवा असतो.

माळावरचे लाल रोप

जून १८६० च्या अखेरीस ऑक्सफर्डमध्ये उत्क्रांतीवरून गाजलेला वाद झाला तेव्हा डार्विन तिथे नव्हता. तो पुन्हा एका जलोपचार केंद्रात पडून होता. घरी सोळा वर्षांची मुलगी हेन्रिएटा दीर्घ तापाने अशक्त झाली होती. जुलैमध्ये सारे कुटुंब हवापालटासाठी ससेक्समधल्या हार्टफील्डला, एमाच्या बहिणीकडे गेले.

जवळच्या ओलसर माळावर फिरताना त्याला दवबिंदूची रोपे दिसली. जमिनीसरशी पसरलेली नखाएवढी गोल पाने, त्यांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा थेंब. ऊन चढले तरी हे थेंब सुकत नाहीत, कारण ते दव नसून केसाच्या टोकावरच्या ग्रंथीतून पाझरणारा चिकट रस असतो. डार्विनने सहज म्हणून बारा रोपे उपटली. त्यांवर पूर्ण उघडलेली ५६ पाने होती, आणि त्यातल्या ३१ पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष चिकटलेले होते. निम्म्याहून जास्त पानांवर किडे! हा योगायोग असेल का?

त्याने काही रोपे घरी आणली आणि पानांवर किडे ठेवून पाहिले. बाहेरचे केस हळूहळू वाकून किड्याला मधोमध ढकलू लागले. पान वाटीसारखे मिटले. हे वाकणे त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, रोट या जर्मन डॉक्टरच्या ध्यानात आले होते. डार्विनने त्याच्या पुढे जाऊन विचारले की, हे कशासाठी?

मोजून दिलेला घास

त्याने पानांवर निरनिराळ्या द्रवांचे थेंब ठेवायला सुरुवात केली. एका बाजूला साखर, स्टार्च, डिंक, ऑलिव्ह तेल, पातळ केलेले अल्कोहोल आणि चहा. दुसऱ्या बाजूला दूध, अंड्याचा पांढरा भाग, कच्च्या मांसाचा अर्क, लघवी, लाळ. पहिल्या गटातल्या द्रवांना ६१ पानांपैकी एकाही पानाने दाद दिली नाही. दुसऱ्या गटातल्या ६४ पानांपैकी ६३ मिटली. दुसऱ्या गटात काय होते? नायट्रोजन. पाणथळ, आंबट मातीत नायट्रोजन फार कमी मिळतो. ऊर्जेसाठी रोपाला सूर्यप्रकाश पुरतो, पण प्रथिने बनवायला नायट्रोजन लागतो. तो हे रोप किड्यांकडून मिळवते.

पण मिटणे म्हणजे पचवणे नव्हे. त्यासाठी त्याने उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे मोहरीएवढे चौकोनी तुकडे केले. काही पानांवर ठेवले आणि तसेच काही शेजारच्या ओल्या शेवाळावर. पानांवरच्या तुकड्यांचे कोपरे गोल होत गेले आणि तुकडे विरघळले. शेवाळावरच्या तुकड्यांचे कोपरे धारदारच राहिले. मांसाचेही तसेच. ओल्या शेवाळावरचे मांस सडून त्यात सूक्ष्म जीव वळवळू लागले, पानावरचे मात्र सडले नाही.

मग त्याने रसात अल्कली घातले. पचन थांबले. नंतर हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश मिसळून अल्कलीचा परिणाम घालवला, तर पचन पुन्हा सुरू झाले. म्हणजे आपल्या जठरात जसे आम्ल आणि पेप्सिन मिळून काम करतात, तशीच जोडी या पानात होती. रोज जेवणानंतर पोट धरून सोफ्यावर पडणाऱ्या माणसाला पानात जठर सापडले! एमाने लायेल यांच्या पत्नीला गमतीने लिहिले होते की, तो या रोपाला जिवंत प्राण्यासारखे वागवतो आहे, आणि ते प्राणीच असल्याचे सिद्ध करूनच थांबेल.

पान किती संवेदनशील आहे, हेही त्याने मोजले. मोठ्या पानांपैकी ३१ पानांवरचे केस मोजले तेव्हा सरासरी १९२ भरले. माणसाच्या केसाचा, एक मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका तुकडा ग्रंथीवर ठेवला, तरी ती वाकत होती. उलट पावसासारखे पाण्याचे थेंब वरून पाडले तर काहीच होत नव्हते. अमोनियम फॉस्फेटचा मिलिग्रॅमच्या सुमारे तीन लाखाव्या भागाइतका अंशही एका ग्रंथीला पुरेसा होता. हा आकडा पाहून तो स्वतःच साशंक झाला. म्हणून त्याने तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी बाजूला नुसत्या शुद्ध पाण्यात बुडवलेली पाने ठेवली. नुसत्या पाण्यातली पाने काय करतात ते माहीत असेल, तरच औषधातली पाने काय करतात याला अर्थ येतो.

या प्रयोगांत भारताचाही एक धागा आहे. कलकत्त्याला नोकरी केलेले आणि भारतातल्या विषारी सापांवर मोठा ग्रंथ लिहिणारे सर्जन जोसेफ फेअरर यांनी डार्विनला नागाचे वाळवलेले विष दिले. ते विष पाण्यात मिसळून डार्विनने पाने त्यात बुडवली. पाने जोरात मिटली, पण मेली नाहीत, काही काळाने पुन्हा उघडली. प्राण्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालणारे विष रोपाला मारत नाही, त्या अर्थी रोपाची ही संवेदना मज्जातंतूंमुळे नसावी, असा निष्कर्ष त्याने काढला. तो बरोबर होता. वनस्पतींना मज्जातंतू नसतात. मात्र या केसांतूनही विजेचे सूक्ष्म संकेत जातात, हे विसाव्या शतकात मोजता आले.

मुलाने केलेली तुलना

घाई करणे डार्विनच्या स्वभावात नव्हते. मधली दहा वर्षे इतर कामांत गेली. १८७२ मध्ये त्याने दवबिंदू पुन्हा हातात घेतला आणि २ जुलै १८७५ रोजी ‘इन्सेक्टिव्होरस प्लांट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातली चित्रे जॉर्ज आणि फ्रान्सिस या मुलांनी काढली होती.

टीकाकारांनी एक रास्त शंका काढली. रोप किडे धरते, पचवते, हे मान्य. पण त्याचा रोपाला फायदा होतो कशावरून? काचघरात एकही किडा न मिळता दवबिंदू छान वाढतो, हे अनेकांनी पाहिले होते. किडा पचणे ही एक गोष्ट आणि त्याने रोपाचे भले होणे ही दुसरी.

या शंकेचे उत्तर फ्रान्सिसने दिले. तो वैद्यकीची पदवी घेऊनही दवाखाना न थाटता वडिलांचा मदतनीस झाला होता. १८७६ मध्ये पहिल्या बाळंतपणात त्याची बायको दगावली आणि तान्ह्या मुलाला घेऊन तो डाउनला आईवडिलांकडे राहायला आला. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याने सुमारे २०० रोपे सूपच्या बशांमध्ये शेवाळात लावली. प्रत्येक बशीच्या मधोमध पडदी घातली आणि वरून जाळी झाकली, म्हणजे बाहेरचा किडा येणार नाही. पडदीच्या एका बाजूच्या रोपांच्या पानांवर भाजलेल्या मांसाचे अगदी बारीक कण ठेवले. दुसऱ्या बाजूच्या रोपांना काहीच दिले नाही. बशी तीच, पाणी तेच, ऊन तेच. फरक फक्त घासाचा.

काही आठवड्यांतच खाल्लेली रोपे जास्त हिरवी दिसू लागली. पण फ्रान्सिस दिसण्यावर थांबला नाही. हंगाम संपल्यावर त्याने बिया मोजल्या आणि तोलल्या. उपाशी रोपांच्या बियांची संख्या १०० धरली तर खाल्लेल्यांची सुमारे २४० होती. बियांच्या एकूण वजनात तर फरक १०० ला ३८० असा होता. नुसत्या पानांच्या डौलाकडे बघणाऱ्याला हे कळले नसते. १८७८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला.

१८५० मध्ये बापाने विचारलेल्या प्रश्नाला मुलाने बशीत उत्तर दिले, असे मला वाटते. काहीच न केलेला अर्धा भाग शेजारी होता, म्हणूनच घासाचा गुण मोजता आला. आज नव्या औषधाची किंवा लसीची चाचणी होते तेव्हा आम्ही याला तुलना गट म्हणतो. चार वर्षांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी, हृदयविकाराने डार्विनचे निधन झाले. तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. चाळीस वर्षे पोटाचे हाल सोसूनही आपल्याला नेमके कशाने बरे वाटत होते, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. स्वतःच्या शरीराचा उपाशी अर्धा भाग कुणालाच वेगळा ठेवता येत नाही.

आपल्या ओपीडीत

सरकारी रुग्णालयात रोज दिसणारी गोष्ट सांगतो. विषाणूंमुळे सर्दी-खोकला झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी दुकानातून अँटिबायोटिक घेतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बरा होतो. पुढच्या वेळी तो येतो तेच त्या गोळीचे नाव घेऊन. ती सर्दी गोळीविनाही तेवढ्याच दिवसांत बरी झाली असती, हे त्याला दिसणार कसे? अशक्तपणासाठी मागून घेतलेली सलाईनची बाटली, मुलाला भूक लागावी म्हणून आणलेले टॉनिक, यांचेही तेच. बरे वाटते, हे खरे. कशामुळे वाटते, हे वेगळे विचारावे लागते.

सर्पदंशात तर हा घोटाळा जिवावर बेततो. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचले जातेच असे नाही. अशा रुग्णांवर मांत्रिकाने काहीही केले तरी ते वाचतातच, आणि त्याची ख्याती पंचक्रोशीत पसरते. ज्याच्या अंगात खरेच विष गेले आहे त्याचा वेळ मात्र तिथे वाया जातो. त्याला वाचवते ते प्रतिसर्पविष, आणि ते रुग्णालयातच मिळते. साप चावला की मंत्र-तंत्रात एक मिनिटही न घालवता थेट रुग्णालय गाठा.

याचा अर्थ काहीच करू नका, असा मुळीच नाही. न्यूमोनिया, क्षयरोग, मधुमेह वाट बघून बरे होत नाहीत, आणि तिथे औषध नक्की उपयोगी पडते हे आम्ही ठामपणे सांगू शकतो. कारण कुठेतरी, कुणीतरी, दोन बशा शेजारी ठेवून मोजलेले असते. डॉक्टरने नवे महागडे औषध लिहून दिले, तर याची तुलना कशाशी केली आहे, हे विचारायला संकोच करू नका.

घरच्या गॅलरीत दवबिंदू

दवबिंदू परदेशातलेच नाहीत. भारतात त्यांच्या प्रामुख्याने तीन जाती आढळतात. पावसाळ्यात कासच्या पठारावर आणि कोकणातल्या कातळ सड्यांवर नीट खाली वाकून पाहिलेत तर गवताच्या काड्यांमध्ये ही लालसर रोपे चमकताना दिसतील. तिथली रोपे कृपया उपटू नका. ती रानातच शोभतात आणि कुंडीत लगेच मरतात. नर्सरीत बियांपासून वाढवलेली रोपे मिळतात. दक्षिण आफ्रिकेतली लांब पानांची केप दवबिंदू ही जात नवख्यांना सोपी जाते.

हे रोप वाढवताना नेहमीचे बागकाम विसरा. बागेची माती, शेणखत, रासायनिक खत यातले काहीही नको. मूळचे हे रोप निकस जागेतले, त्यामुळे मुळांना खत मिळाले की ते मरते. पीट मॉस आणि धुतलेली जाड वाळू, किंवा नुसते स्फॅग्नम शेवाळ वापरावे. पाणी पावसाचे किंवा डिस्टिल्ड. आरओचे पाणी टीडीएस ५० पेक्षा कमी असेल तर चालते. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी बिलकूल नको. उजेड भरपूर हवा, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या कडक उन्हापासून आडोसा द्यावा. कुंडी उथळ बशीत ठेवून तळातून पाणी द्यावे.

गॅलरीत ठेवले तर चिलटे रोप स्वतःच धरते. घरात असेल तर पंधरा दिवसांतून एकदा, एक-दोन पानांवर मुंगीएवढा किडा किंवा माशांच्या खाद्याचा ओलसर कण पुरतो. दूध, पनीर, चिकनचा तुकडा असले लाड नकोत. मोठा घास पचत नाही, सडतो आणि पान काळे पडते.

आता डॉक्टर म्हणून दोन सूचना. डास खाणारे रोप म्हणून हे विकत घेऊ नका. त्याला एखादा डास चिकटेल, पण त्याने घरातला डेंग्यू टळणार नाही. उलट कुंडीखालच्या बशीतले स्वच्छ साचलेले पाणी हीच डेंग्यूच्या डासाची आवडती जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस या बशीलाही लागू आहे. बशी रिकामी करा, कडा घासून धुवा, मगच नवे पाणी घाला. तेवढ्या वेळाने रोपाचे काही बिघडत नाही.

घरात शाळकरी मुले असतील तर एका रोपाऐवजी सहा आणा. तिघांना घास द्या, तिघांना देऊ नका, आणि बाहेरचे किडे येऊ नयेत म्हणून सगळ्यांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घाला. कुठली खाल्लेली, कुठली उपाशी, याची चिठ्ठी कुंडीला लावायला विसरू नका. मग दर रविवारी पाने मोजून वहीत लिहा. सहा रोपांवरून मोठा सिद्धांत निघणार नाही. पण गुण आला, असे म्हणण्याआधी शेजारच्या उपाशी कुंडीकडे बघायची सवय मुलांना लागेल.